पकडा, धरा, सोडा : इंग्रजीच्या मुठीत किती शब्द?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तितके काढलेत. उरलेले गोड मानून घ्या.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यावर अख्खा भाग कशाला? धरणे म्हणजे होल्ड, पकडणे म्हणजे कॅच, संपलं. गेल्या वर्षीपर्यंत मीही हेच म्हणालो असतो. पहिलीपासून इंग्रजी, बीटेक इंग्रजीतून, दिवसभर ऑफिसात इंग्रजी. होल्ड, ग्रिप, ग्रास्प, क्लच हे शब्द मला येतात असंच मी धरून चाललो होतो. मग घरात एक कागद आला.

एका कागदाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात बाबांना स्ट्रोक आला. वेळेत दवाखान्यात पोचलो, जीव वाचला, बोलणंही बऱ्यापैकी परत आलं. उजवा हात मात्र राहिला. बाबा रिटायर्ड टर्नर. भोसरीत चौतीस वर्षं लेथवर काढलेली. उजवा हात म्हणजे त्यांचं सगळंच होतं.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी घरी करायच्या व्यायामाचा एक कागद दिला. एक पान, सगळं इंग्रजीत. माझं वर्क फ्रॉम होम होतं, त्यामुळे दुभाषा मीच. कागदावर शब्द होते ग्रास्प, होल्ड, पिंच, रिलीज. खाली एक सूचना होती, 'डू नॉट क्लेंच.' मी काय केलं? पहिल्या तिन्हींचं एकच भाषांतर केलं : 'पकडा.' आणि उत्साहाच्या भरात वर आपल्या पदरचं, 'बाबा, अजून घट्ट पकडा.'

दोन-अडीच आठवडे हे चाललं. बाबा प्लास्टिकचा ग्लास असा दाबायचे की त्याला पोचे पडायचे. मी खूष. म्हटलं, ताकद येतेय!

पुढच्या वेळी मॅडमनी हात पाहिला. मूठ मिटत होती, पण उघडत नव्हती. अंगठा आत अडकलेला. त्यांनी विचारलं, 'काका, घरी कसं करता, दाखवा बरं.' बाबांनी दाखवलं. मॅडम माझ्याकडे वळल्या. 'एवढं घट्ट पकडायला कुणी सांगितलं?'

मग त्यांनी समजावलं. स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांच्या हाताचे स्नायू ताठरतात, आणि मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांवर मात करतात. बाबांच्या हाताला मिटणं शिकवायची गरजच नव्हती. त्याला हवं होतं हलकं धरणं आणि सावकाश सोडणं. कागदावर तेच लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. फक्त मराठीत आणताना सांडलं.

मोठं नुकसान झालं नाही, असं मॅडम म्हणाल्या. पण परत येताना रिक्षात बाबांनी हळूच विचारलं, 'मी नीटच पकडत होतो ना रे?' इतके दिवस त्यांना वाटत होतं की मूठ उघडत नाही कारण आपणच कमी पडतोय. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्या रात्री मी डिक्शनरी उघडली.

(आणि हो, हा फक्त बाबांच्या हाताचा हिशेब आहे. तुमच्या घरी कुणाला असा त्रास असेल तर त्यांच्या थेरपिस्टलाच विचारा, पॉडकास्टवाल्याला नाही.)

आधी पकडणं, मग धरणं

इंग्रजीतले हे शब्द पाठ करायला गेलात तर सगळे सारखेच वाटतात. मला उपयोग झाला तो प्रश्न विचारण्याचा. पहिला प्रश्न : हा शब्द सुरुवातीचा क्षण सांगतो, की नंतर चालू राहिलेली स्थिती?

सुरुवातीच्या क्षणाचे शब्द बघा.

कॅच : समोरची गोष्ट हलतेय आणि तुम्ही ती थांबवता. चेंडू, चोर, ट्रेन. गंमत म्हणजे कॅच आणि चेस हे सख्खे भाऊ आहेत. दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून जुन्या फ्रेंचच्या दोन बोलींमार्गे इंग्रजीत आले. कॅचचा सुरुवातीचा अर्थही पाठलाग करणे असाच होता.

ग्रॅब : झटकन, थोडं आडदांडपणे, स्वतःसाठी. ऑफिसातलं 'लेट्स ग्रॅब अ कॉफी' आठवा. त्यात कॉफीपेक्षा घाई जास्त असते.

स्नॅच : दुसऱ्याच्या हातातून. आपलं हिसकावणे. 'चेन स्नॅचिंग' तर आता पेपरातला मराठी शब्दच झालाय.

सीझ : जोर आणि अधिकार. हा मुळात कायद्याचा शब्द, सरंजामी काळात जमिनीचा ताबा देण्याघेण्याचा. म्हणून पोलीस माल सीझ करतात. आणि गॅरेजवाला 'इंजिन सीझ झालं' म्हणतो तेव्हा आतल्या भागांनीच एकमेकांना धरलेलं असतं.

आता चालू स्थितीचे शब्द. इथे दुसरा प्रश्न विचारायचा : किती जोराने, कशाने, आणि मनात काय आहे?

होल्ड सगळ्यात साधा. जोर सांगत नाही, भावना सांगत नाही. वस्तू तुमच्या हातात आहे, पडत नाहीये, बस. याचं मूळ मला फार आवडलं. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये याचा अर्थ राखणे, गुरं सांभाळणे असा होता असं मानतात. म्हणजे होल्डच्या पोटात दाबणं नाहीच, राखण आहे.

ग्रिप मध्ये दाब येतो. घसरू नये म्हणून धरलेलं. बॅटची ग्रिप, टायरची ग्रिप.

क्लच मध्ये दाबाबरोबर भीती येते. गर्दीत म्हातारी बाई पिशवी छातीशी आवळून उभी असते ना, ते क्लच. (आपल्याकडे केसांच्या चापाला 'क्लचर' म्हणतात. बहिणीला विचारलं, तर म्हणाली, 'नाव बरोबरच आहे, केस सुटू नयेत याचीच भीती असते.')

क्लास्प म्हणजे वेढून धरणं, बोटांत बोटं गुंतवणं. मंगळसूत्राचा मागचा आकडा तोही क्लास्पच.

क्लिंग ला हातच लागतो असं नाही. लहान मूल आईला बिलगतं ते क्लिंग, आणि भिजलेला शर्ट पाठीला चिकटतो तेही क्लिंग.

आणि आता तो शब्द, ज्याने माझी विकेट काढली : क्लेंच. यात वस्तूच लागत नाही! क्लेंच करायची ती स्वतःची मूठ, स्वतःचे दात, स्वतःचा जबडा. हातात काही नसतानाही क्लेंच होतं. होल्ड करणारा वस्तूकडे लक्ष देतो. क्लेंच करणाऱ्याचा हात स्वतःवरच मिटलेला असतो. माझे बाबा अडीच आठवडे ग्लास धरत नव्हते. ते मूठ आवळत होते आणि मध्ये ग्लास सापडला होता.

राहिला ग्रास्प. हा मधल्या उंबरठ्यावरचा. हात वस्तूपर्यंत जातो, बोटं भोवती मिटतात, वस्तू ताब्यात येते, हा सगळा प्रवास म्हणजे ग्रास्प. म्हणूनच 'समजलं' या अर्थीही इंग्रजीत ग्रास्पच वापरतात.

एक छोटी चाचणी सांगतो. शब्दापुढे इंग्रजीतलं 'ॲट' लावून बघा. 'ही क्लच्ड द रेलिंग' म्हणजे त्याने कठडा आवळून धरला. 'ही क्लच्ड ॲट द रेलिंग' म्हणजे धरायला धडपडला, हाती लागला की नाही देव जाणे. क्लच आणि ग्रास्पला हे चालतं. होल्डला या अर्थाने चालत नाही, कारण होल्ड म्हणजे आधीच हातात असलेलं. त्यात 'प्रयत्न केला' हे बसणार कुठे? क्रियापदांची अशी वर्गवारी बेथ लेव्हिन यांच्या १९९३ च्या इंग्रजी क्रियापदांवरच्या पुस्तकात आहे, आणि त्यात 'होल्ड क्रियापदं' असा चक्क वेगळा गट आहे.

आपण 'कॅच माय बॅग' का म्हणतो?

हॉस्टेलवर मी एकदा परदेशी पाहुण्याला म्हणालो होतो, 'प्लीज कॅच माय बॅग फॉर टू मिनिट्स.' तो बिचारा दोन्ही हात पसरून उभा राहिला. त्याला वाटलं, मी बॅग फेकणार.

चूक कुठून आली? आपल्या 'पकड' मधून. 'जरा बॅग पकड' मध्ये पकडणं आणि धरून ठेवणं दोन्ही येतं. पण मराठीला फरक कळत नाही असं समजू नका. तो फरक मराठी क्रियापदाच्या शेपटीत ठेवते. 'मी दांडा पकडतोय' म्हणजे अजून हाती आलेला नाही. 'मी दांडा पकडलाय' म्हणजे आता हातात आहे. 'धरून ठेवलाय' म्हणजे मुद्दाम, सोडत नाहीये. म्हणजे 'आय ॲम होल्डिंग' चं मराठी 'मी धरतोय' होत नाही, 'मी धरलंय' होतं. इंग्रजीत चालू काळ, मराठीत झालेली क्रिया. शाळेत हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

क्ल आणि ग्र

तुमच्या लक्षात आलंच असेल : क्लच, क्लास्प, क्लिंग, क्लेंच, क्लॅम्प, क्लॉ. दुसरीकडे ग्रिप, ग्रॅब, ग्रास्प, ग्रॅपल, ग्रोप. हा योगायोग आहे का? काही शब्द खरंच नात्यातले आहेत. ग्रास्प आणि ग्रोप एकाच घरातले मानले जातात. पण सगळे नाहीत. तरी एकसारखा आवाज आणि एकसारखा अर्थ यांचे असे पुंजके भाषेत तयार होतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये त्यांना 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. हा नियम नाही हं. क्लीन आणि ग्रीन कशालाच धरत नाहीत. कल आहे, एवढंच.

आणि 'ग्र' बघून तुम्हाला काही आठवतंय का? संस्कृतचा 'ग्रह्' धातू, वेदांत 'ग्रभ्'. ग्रॅब हा त्याचा लांबचा नातेवाईक मानतात. ग्रहण, संग्रह, आग्रह, पाणिग्रहण, सगळी धरणाऱ्यांची जत्रा. समजण्याच्या ताकदीलाही आपण 'ग्रहणशक्ती'च म्हणतो. लॅटिनमध्ये तेच : काँप्रिहेंड मध्ये 'पकडणे' आहे, आणि प्रिझन मध्येही तेच 'पकडणे' आहे. दुसरा धातू 'धृ'. त्यातून धारणा, आधार, धैर्य, धर्म. इंग्रजीतला फर्म, म्हणजे घट्ट, हाही लॅटिनमार्गे त्याच प्राचीन मुळाशी नेतात. म्हणजे इंग्रजीतला 'फर्म' आणि आपलं 'धरा' हे एकाच मुळाचे दोन फाटे, आणि मला पत्ता नव्हता.

'चिमटीत की मुठीत?'

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला वाटलं होतं, इंग्रजीत शब्द भरपूर आणि मराठीत एकच, म्हणून घोटाळा झाला. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, 'अरे, तू विचारलंस कुठे? चिमटीत धरायचं की मुठीत, ते सांग ना आधी.'

मी गप्प. कारण इंग्रजी जे क्रियापदात घालते, ते मराठी हाताच्या आकारात घालते. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा, कव. चिमटीत धरणं, मुठीत आवळणं, ओंजळीत घेणं, कवेत घेणं. ओंजळीला इंग्रजीत एक सरळ शब्द शोधून दाखवा! 'दोन्ही हातांची वाटी' असं काहीतरी सांगत बसावं लागतं. शिवाय कवटाळणं, बिलगणं, झेलणं, झडप घालणं, हिसकणं आहेच. स्वयंपाकघरात चिमटा वेगळा, सांडशी वेगळी. बाबांच्या पेटीत पक्कड वेगळी, पाना वेगळा. आणि कुठे धरलं यावर तर आख्खा स्वभाव ठरतो : बोट धरलं तर विश्वास, पाय धरले तर विनवणी, कान धरला तर शिक्षा, बखोट धरलं तर भांडण.

आता हे ऐका. जॉन नेपियर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५६ मध्ये माणसाच्या हाताच्या हालचालींवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी पकडीचे दोन मुख्य प्रकार मांडले : पॉवर ग्रिप आणि प्रिसिजन ग्रिप. पहिल्यात वस्तू बोटं आणि तळवा यांच्यात आवळली जाते. दुसऱ्यात बोटांची टोकं आणि अंगठा यांच्यात. मूठ आणि चिमूट! नेपियर यांचं म्हणणं असं की पकड फक्त वस्तूच्या आकारावरून ठरत नाही, त्या वस्तूचं काय करायचंय त्यावरून ठरते. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण आठवा. आधी अख्ख्या पंजाने जोर. सैल झालं की त्याच झाकणाला आपण आपोआप बोटांच्या टोकांनी फिरवतो. झाकण तेच, पकड बदलली.

बाबा हे ऐकून म्हणाले, 'त्यात काय? चकची चावी मुठीत, मायक्रोमीटर चिमटीत. मायक्रोमीटर मुठीने आवळला तर रीडिंगच चुकतं.' चौतीस वर्षं त्यांना जे माहीत होतं, ते मी निबंधात वाचून त्यांनाच सांगत होतो.

सोडणं हा वेगळा धडा

तिसरा प्रश्न मला सगळ्यात उशिरा सुचला : शेवट कसा होतो? खरं तर माझ्या कामात हा प्रश्न रोजचा आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये 'लॉक' असतो. एखादी गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून. त्याच्या तीन पायऱ्या : ॲक्वायर, होल्ड, रिलीज. मिळवा, धरा, सोडा. रिलीज विसरलात की सिस्टिम अडकते. १९७१ मध्ये कॉफमन आणि सहकाऱ्यांनी अशी कोंडी होण्यासाठी लागणाऱ्या चार अटी मांडल्या. त्यातली एक 'होल्ड अँड वेट' : हातातलं सोडायचं नाही आणि दुसऱ्याची वाट बघत बसायचं. दुसरी, 'नो प्रीएम्प्शन' : हातातलं कुणाला हिसकावून घेता येत नाही. इंटरव्ह्यूत हे मी धाडधाड सांगितलंय. घरात समोर अडकलेली मूठ दिसत असून सुचलं नाही.

बाळांचंही असंच आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळव्यात बोट ठेवा, ते गच्च धरतं. ती प्रतिक्षिप्त क्रिया, साधारण सहा महिन्यांपर्यंत जाते. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास चिमूट जमायला लागते, जमिनीवरचा चुरमुरा उचलून तोंडात जातो. आणि हातातली वस्तू ठरवून, हव्या जागी सोडणं नीट जमायला वर्ष उजाडतं. मिटणं जन्मतः येतं, सोडणं शिकावं लागतं. बाबा ते दुसऱ्यांदा शिकत होते आणि मी त्यांना पहिलाच धडा परत परत घोकायला लावत होतो.

मग मी आणि बाबांनी मिळून तो कागद मराठीत केला. ग्रास्पला 'बोटं भोवती आणा.' होल्डला 'नुसतं राखा, आवळू नका.' पिंचला 'चिमटीत घ्या.' रिलीजला 'बोटं एकेक उलगडा.' क्लेंचच्या सूचनेला बाबांचेच शब्द : 'मूठ वळू देऊ नका.' मॅडमना दाखवला. त्यांनी एक शब्द बदलला. 'उलगडा' च्या आधी 'सावकाश' घातलं. आणि एक झेरॉक्स स्वतःसाठी ठेवून घेतली.

आता वर्ष होत आलं. हात पूर्वीसारखा नाही, होईल असं कुणी म्हणतही नाही. पण सकाळचा चहाचा कप बाबा उजव्या हाताने धरतात. आणि संपल्यावर बशीत ठेवून बोटं एकेक करून बाजूला घेतात. वेळ लागतो. आई मदतीला पुढे झाली की म्हणतात, 'थांब, सोडतोय.'

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या भागात धरण्या-पकडण्याचे वेगळे शब्द असतील, कोकणातले, खानदेशातले, विदर्भातले, तर व्हॉइस नोट पाठवा. कशाने धरायचं आणि किती जोराने, तेही सांगा. बाबा ऐकायला बसलेत. पुढच्या भागात भेटू!